तीन रेघांचा ओटा

चतुराबाईला जगात एकच दुखणं होतं, धाकटी जाऊ पंचफुलाबाई. पंचफुलाच्या म्हशीला पारडी झाली तेव्हा हिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आता साठी उलटली, तरी दुखणं होतं तसंच तरणंताठं होतं.

सगळ्यात सलला तो ओटा. बारा वर्षांपूर्वी नदी कोरडीठाक पडली, तेव्हा पंचफुलानं रेल्वेच्या जुन्या पुलाखालून गाडीभर काळे दगड आणून दारात ओटा बांधला. पूल निजामाच्या काळातला. खांबांच्या बुडाशी घडीव दगड रचलेले, आणि प्रत्येक दगडावर गवंड्यांनी टाकीनं त्या त्या खांबाच्या नंबराएवढ्या रेघा ओढलेल्या. पंचफुलाचे दगड काठाजवळच्या पाचव्या खांबाचे होते.

ते बघून चतुराबाईचा तिळपापड झाला. पुलाचा राखणदार तिचा नवरा व्यंकट, आणि मिरवायचं पंचफुलानं? व्यंकटची तेव्हा सहा महिन्यांसाठी दुसऱ्या स्टेशनावर बदली होती. तिनं गाडीवान गाठला, मधल्या तिसऱ्या खांबाचे थोराड दगड निवडून दोन गाड्या आणवल्या आणि समोरासमोर, जावेपेक्षा वीतभर उंच ओटा बांधून घेतला. वरून जावेसारखंच शेणानं सारवून रेघा झाकल्या. व्यंकट परतला तोवर नदीला पाणी आलं होतं, आणि पुढं खालच्या अंगाच्या नव्या बंधाऱ्यानं पाणी तुंबलं, त्यामुळं खांबांचं बूड पुन्हा उघडं पडलंच नाही. ओट्याचे दगड मुखेडहून आपल्या भावानं पाठवले, असं तिनं सांगितलं. त्या भल्या माणसानं विश्वास ठेवला.

यंदा भादव्यात पूल पडला. पॅसेंजर तासाभरापूर्वी गेली होती म्हणून माणसं वाचली. पाणी धोक्याच्या लाल रेघेलाही टेकलं नव्हतं, तरी तिसरा खांब कलला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पुलाचे गाळे नदीत गेले. रिटायर होऊन चार वर्षं झालेला व्यंकट ओट्यावर बसून तिकडे बघत राहायचा. घास उतरत नव्हता. माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं असणार, एवढंच तो बोलायचा.

चौकशीला तनुजा नावाची इंजिनिअर आली. व्यंकटशेजारी ओट्यावर बसून तिनं समजावलं, की पुलाला वरचं पाणी पाडत नाही. बुडाचे दगड गेले की पाणी खांबाखालची वाळू उकरत राहतं, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस खांबाखाली काही उरत नाही. मग तिनं विचारलं, ते दगड कुठं गेले?

चतुराबाईला वाटलं, देवानं हा दिवस दाखवायलाच आपल्याला जगवलंय. आपण कशावर उभ्या आहोत याचंही तिला भान राहिलं नाही.

"बाई, माझ्या जावंच्या दारात बघा," ती म्हणाली. "समदे पुलाचेच हायत."

तनुजा समोर गेली, तिच्यामागं अख्खी गल्ली गेली. पंचफुलानं हात जोडून सगळं कबूल केलं. तनुजानं सारवण खरवडून पाच रेघा मोजल्या. पाचवा खांब उभाच आहे, ती म्हणाली, तिसऱ्याचे दगड कुणी नेले? पंचफुलानं एकवार मोठ्या जावेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिचं ते मोठेपणही चतुराबाईला बघवलं नाही.

व्यंकट बसल्या जागेवरून म्हणाला, "म्याडम, लिव्हा. तिसरा खांब माझ्या राखणीत व्हता. चूक माझीच हाय."

तनुजानं पेन उघडलं. चतुराबाई गप्प राहिली तर नवऱ्याची तीस वर्षांची नोकरी त्या कागदावर काळी होणार होती, आणि बोलली तर नवराच तिच्यापासून तुटणार होता. ती आत गेली, तांब्या घेऊन आली, ओट्यावर पाणी ओतलं आणि नखांनी शेण खरवडू लागली.

"आवं, भावानं न्हाई धाडले," ती म्हणाली. "म्या आणले. तिच्यापरीस उंच पायजे व्हता मला."

व्यंकटनं त्या तीन रेघांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग तो उठला, गल्ली ओलांडली आणि समोर धाकट्या भावाच्या ओट्यावर जाऊन बसला. पंचफुलानं डोक्यावर पदर ओढून त्याच्यापुढं पाणी ठेवलं. त्यानं ते घेतलं. चतुराबाई आपल्या उंच ओट्यावरून बघत राहिली.