वाटीची रेघ झाली

गाण्याच्या लिपीत स्वरांना एकत्र बांधणाऱ्या खुणा असतात. दोन-तीन स्वरांखाली वाटीसारखी कमान काढली, की ते सगळे एकाच मात्रेत म्हणायचे. कमान वर काढली, की एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरत जायचं, ती मींड. आणि स्वराखाली सरळ आडवी रेघ म्हणजे तो कोमल, जरा खाली उतरलेला. हे मला झोपेतही येत होतं. जागेपणी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

साठ सालाच्या आसपास दारव्ह्याच्या एका मुलींच्या शाळेला गाण्याची बाई हवी होती. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, शिकण्याचा घरात भारी जोर. बाबा म्हणाले, "नोकरी लागली तर लगन लांबवतो. नाही लागली तर राळेगावचे पाव्हणे वाट पाहूनच राह्यले." त्या पाव्हण्यांच्या मुलाला मी पाहिलंही नव्हतं, तरी तो मला अजिबात आवडत नव्हता.

परीक्षा अशी, की हेडबाईंसमोर दिलेलं स्वागतगीत फळ्यावर लिहायचं आणि वर्गाकडून म्हणवून घ्यायचं. घाईघाईत लिहिताना खालच्या सगळ्या वाट्या सपाट झाल्या.

पुढच्या बाकावरची पोरगी उठली. "बाई, हे रे-ग कोमल हायेत काय?"

वळून पाहिलं. खाली रेघ. रेघ म्हणजे कोमल. माझं शहाणपण बघा! चाल कानात घोटलेली होती, पण मी विश्वास ठेवला फळ्यावर. "हो, कोमलच," म्हणाले, आणि पेटीच्या काळ्या पट्ट्या दाबल्या. पोरींनी पाहुण्यांचं असं स्वागत केलं, जणू ते दारातच वारले होते.

दुसऱ्या ओळीला माझं डोकं ठिकाणावर आलं. धावत जाऊन रेघा वाकवू लागले.

"राहू द्या आता," हेडबाई म्हणाल्या.

"एकदाच, बाई. एकदाच म्हणू द्या."

"घंटा झाली."

पोरी दप्तरं उचलून गेल्यासुद्धा. मी रिकाम्या बाकांपुढे खडू धरून उभी.

फाटकाशी बाबा सायकल घेऊन थांबले होते. "काय झालं वं?"

"नाही घेतलं."

ते बराच वेळ सायकलची घंटी उगाच पुसत राहिले. "मंग पाव्हण्याईले काय सांगू?"

"सांगा, पोरीले गाणं येत नाही."

"थे तर त्याईले आवडनच," बाबा म्हणाले.

हसू दोघांनाही आलं नाही.