खळीचं सैन्य

माझं सैन्य उंदरांनी आणि झुरळांनी मिळून खाल्लं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. हसा. आता मलाही येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

माझं माहेर शहापुरातलं, विणकराचं. दारातून आत आलं की दोन खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून बसायचे. एकावर आप्पा बसायचे, दुसऱ्यावर पुढं माझा थोरला भाऊ बसायला लागला. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. आम्ही बायकांनी कांड्या भरायच्या आणि सुताला खळ लावायची. खळ म्हणजे तांदळाची दाट पेज. सूत ती प्यालं की ताठ होतं, मागावर तुटत नाही. आमच्या घरात कशालाही खळ लावायची सवय. टोपीला खळ, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ, आणि मी लावली मातीच्या माणसांना.

झालं असं, की आप्पा धोटा फेकता फेकता गोष्टी सांगायचे. त्यातली एक मला लई आवडायची. आमच्याच मुलखातली, बैलहोंगलाच्या अंगाची. तिथल्या एका राणीनं म्हणे महाराजांच्या फौजेला आपल्या गढीपुढं अडवून धरलं. तिच्या फौजेत बायका होत्या, ढाल-तलवार घेतलेल्या. शेवटी ती हरली. पण महाराजांनी तिला बहीण म्हटलं, लुगडं-चोळी देऊन मानानं परत पाठवलं. यातलं खरं किती आणि आप्पांचं किती, मला ठाऊक नाही. मी शाळेत गेले नाही. अण्णाच्या पाटीवरची अक्षरं बघून बघून गिरवली, तेवढंच माझं शिक्षण. पण गोष्ट मनात बसली.

दिवाळीला गल्लीतली पोरं आमच्या अंगणात किल्ला करायची. तांबड्या मातीचा, वर मोहरी पेरलेली. आमच्या माळवदावर चढलं की येळ्ळूरचा गड दिसायचा, म्हणून दरवर्षी येळ्ळूरचाच गड. भाऊबीजेला त्यावर लढाई व्हायची, आणि तिचे नियम पक्के होते. एकानं गड राखायचा, एकानं घ्यायचा, दोघांचे साठ-साठ शिपाई. आळीपाळीनं समोरच्या शिपायांवर गजगा, म्हणजे सागरगोट्याची बी, मारायचा, पडला तो शिपाई मेला. प्रत्येक फेरीला घेणाऱ्याचं सैन्य एक वीत पुढं सरकायचं. दिवेलागणीपर्यंत दरवाजावरचं निशाण उभं राहिलं तर गड राखणाऱ्याचा, पडलं तर घेणाऱ्याचा.

गजग्यात माझा हात पोरांपेक्षा चांगला होता, हे मी सांगते असं नाही, गल्ली सांगायची.

मी ठरवलं, राणीची फौज करायची. साठ जण, त्यातल्या निम्म्या बायका, कासोटा घातलेल्या. मातीचे हात वाळले की तडकतात, म्हणून मातीत खळ मळली. आप्पांच्या मागाखालचे सुताचे तुकडे घेऊन पागोटी गुंडाळली, तीही खळीत बुडवून. कशी ताठ बसायची डोक्यावर! सदतीस जण झाले, त्यांना बुट्टीत, म्हणजे वेताच्या टोपलीत, भरलं आणि मी अंगणात गेले.

अण्णानं एक बाई उचलून बघितली. "ही काय भांडी घासायला आलीय व्हय गडावर?"

पोरं हसली.

"ती लढायला आलीय," मी म्हटलं.

"महाराजांच्या फौजेसंगं? वेडी का काय तू! बायकांचं सैन्य गडावर चढत न्हाय. जा, चुलीपाशी मांड."

मी हटेना म्हटल्यावर म्हणाला, "बरं, साठ पुरे कर. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी मी निपाणीला होते. तेराव्या वर्षी लग्न झालं. बुट्टी माळ्यावर राहिली, सदतीस जणांची.

निपाणी म्हणजे तंबाखू. सासरच्या वखारीत तंबाखू, अंगणात तंबाखू, नाकात तंबाखू. पहिलं वर्ष मी नुसती शिंकत होते. मग पोरं झाली, तीन. दिवाळीला सासरच्या अंगणातही किल्ला व्हायचा. मी पोरांना माती भिजवून द्यायची आणि आत जायची. चोवीस-पंचवीस वर्षं अशी गेली. बुट्टीची आठवण यायची नाही असं नाही. यायची, आणि मी ती बाजूला सारायची. बाईमाणसानं किती गोष्टी बाजूला सारायच्या त्याला सुमार नसतो, त्यात ही एक.

मग ती दुसरी मोठी लढाई लागली. कुठं लांब विलायतेला तोफा उडत होत्या आणि इकडं शहापुरात सूत मिळेना. माग बंद पडले. आप्पा तोवर गेले होते. एके दिवशी वहिनीचा निरोप आला, अण्णा माळा रिकामा करतोय, आप्पांचा माग मोडून त्याची लाकडं काढायची म्हणतोय, तुझं काही असेल तर ये.

गेले. घरात शिरले आणि दारातच थांबले. मागाचा आवाज नसलेलं आमचं घर मी कधी ऐकलंच नव्हतं. अण्णाच्या मागावर एक लुगडं अर्धवट अडकलं होतं. डाळिंबी रंगाचं, पदराकडचे दोन हात राहिलेले. वर धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर पांघरलं होतं. आजारी माणसाला पांघरतात तसं.

माळ्यावर बुट्टी सापडली. खाली आणून उघडली. सदतीसांपैकी अकरा उरले होते. बाकीच्यांचा चुरा. पागोटी तर एकाच्याही डोक्यावर नाही. आणि गंमत बघा, ज्यांना मी जीव लावून जास्त खळ घातली होती, तेच आधी खाल्ले गेले. घाईनं, आळसानं, कशीतरी केलेली राहिली. एका शिपायाचा अर्धा चेहरा कुरतडलेला होता, पण उरलेल्या एका डोळ्यानं तो माझ्याकडं बघत होता.

"टाक गं ते उकिरड्यावर," अण्णा म्हणाला.

"टाकणार न्हाय."

"चाळिशी आली तुझी."

"आली म्हणून काय झालं? तूच म्हणलातास, साठ पुरे कर, मग बघू. अजून तेवीस राहिल्यात. न्हाय, आता एकोणपन्नास."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "कधी म्हणलोतो मी?"

त्याला आठवतही नव्हतं! पंचवीस वर्षं मी जे उराशी धरून बसले, ते त्याच्या लेखी बोलताना तोंडातून गेलेलं वाक्य. मग तर मी बुट्टी काखेत मारली आणि म्हटलं, "पुढच्या भाऊबीजेला येते. किल्ला करून ठेव. आणि तवर आप्पांच्या मागाला हात लावायचा न्हाय."

"का?"

"मी सांगते म्हणून."

निपाणीला आले आणि कामाला लागले. दुपारची झाकपाक झाली की परसात बसायची. माती निपाणीची, काळी. ती तांबडीपेक्षा जास्त तडकते, म्हणजे खळ हवीच. आणि खळ म्हटली की उंदीर आले. काय करावं सुचेना. एकदा सासूबाई ट्रंकेतली लुगडी काढत होत्या, तर प्रत्येक घडीत तंबाखूची भुकटी. कसर लागू नये म्हणून निपाणीत घालतातच. पंचवीस वर्षं मी स्वतः घालत होते. डोक्यात कसं आलं नाही? त्याच दिवशी वखारीतली भुकटी आणून पाण्यात उकळली आणि त्या पाण्यात खळ शिजवली. वास असा की शेजारीण विचारायला आली, काय करपलं म्हणून.

सासूबाई म्हणाल्या, "नातवंडं खेळवायच्या वयात चिखल खेळतीया. माहेरात कुणी शिकवलं न्हाय वाटतं."

"शिकवायचं राहून गेलंतं, म्हणून आता शिकतीया," मी म्हटलं.

मालक, म्हणजे आमचे हे, जेवताना हसत म्हणाले, "तुमची फौज बिडी वढती काय? सगळ्या घरात वास सुटलाय."

"वढू दे की. पुरुषमाणसं वढत्यात, तवा कोण इचारतं?"

 दुसऱ्या दिवशी ते वखारीतून चांगली बारीक चाळलेली भुकटी घेऊन आले आणि परसात ठेवून गेले.

या वेळी मी निम्म्या बायका केल्याच नाहीत. एकोणपन्नासच्या एकोणपन्नास बायका केल्या. पाय फाकवून, बुडाशी जड, सहज पडू नयेत अशा. अकरा तांबडे जुने आणि एकोणपन्नास काळ्या नव्या. साठ.

पुढच्या दिवाळीला मोटारीनं निघाले. पेट्रोल मिळत नव्हतं, गाड्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या, आणि चढ आला की माणसांनी उतरून चालायचं. मी बुट्टी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टर म्हणाला, "अक्का, बुट्टीत काय, अंडी हाईत?"

"सैन्य हाय."

"मग उतरवा की, गाडी ढकलू देत!" सगळी मोटार हसली. मीही हसले, पण चढावर बुट्टी घेऊन चालले, कुणाच्या हातात दिली नाही.

अंगणात किल्ला होता. अण्णानं केला होता खरा, पण कसा? गुडघ्याएवढा, दरवाजा वाकडा, नुसतं बहिणीचं तोंड बंद करायला केलेला. मी पदर खोचला आणि परत बांधला. दोन दिवस लागले.

भाऊबीजेला मी ओवाळलं. अण्णानं ताटात नारळ ठेवला आणि मान खाली घातली. "यंदा लुगडं न्हाय गं. विणकराच्या घरात बहिणीला घालायला लुगडं न्हाय."

त्याचा आवाज मला सोसवेना. त्याची कीव करत बसले असते तर तोही रडला असता, मीही. मी म्हटलं, "लुगडं कुणी मागितलंय? ओवाळणीत लढाई दे. ओवाळणीला न्हाय म्हणता येत न्हाय."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. गजगा घे."

गल्लीतल्या पोरांकडून त्यानं रंगवलेले साठ शिपाई मागून आणले आणि रांगोळीच्या रेघेमागं मांडले. माझे गडावर चढले. एकेक करून मी मांडत होते आणि गल्ली गोळा होत होती. कुणी म्हणालं, या काय बायका? कुणी म्हणालं, तंबाखूचा वास येतोय. मी मांडत राहिले. निशाण धरायला दरवाजावर उभा केला तो अर्ध्या चेहऱ्याचा.

सुरुवातीला अण्णा लाजत, उगीच हलका मारत होता. मी त्याचे पाठोपाठ चार पाडले. मग त्यानं बाह्या वर केल्या. मग तो बेचाळीस वर्षांचा राहिलाच नाही. "ही पडली! ही बघ!" म्हणून ओरडायला लागला. त्याचा हात जोराचा, माझा नेमाचा. फेरीमागं फेरी, वीत-वीत करत त्याचे लोक दरवाजाशी आले. माझ्या सात उरल्या, त्याचे बारा. ऊन भिंतीवर चढलं. त्याचा पुढचा गजगा निशाणावर येणार, हे मला दिसत होतं. तो गुडघा टेकून बसला, एक डोळा मिटला.

आणि वहिनीनं तुळशीपुढं दिवा लावला.

"दिवा लागला," ती म्हणाली.

"अगं, अजून उजेड हाय की!" अण्णा ओरडला.

"माझ्या घरची दिवेलागण मी ठरवती. निशाण उभं हाय. वन्सं, गड तुमचा."

तिनं दिवा घटकाभर लवकर लावला. मला ठाऊक आहे, अण्णाला ठाऊक होतं, साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. लावला तर लावला. आम्हाला पंचवीस वर्षं उशीर झाला, त्याचा हिशेब कुणी मागितला नव्हता.

अण्णा उठला, हात झटकले आणि घरात गेला. मला वाटलं रागावला. बाहेर येईना म्हणून मागोमाग गेले, तर हा मागाशी उभा. धोतर बाजूला काढलेलं, हातात कात्री.

"हे काय?"

"आप्पांची गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीस न्हवं तू? शेवटी लुगडं देत्यात. हाय तेवढं देतो कापून."

मागावरचं अर्धवट लुगडं विणकर कापत नाही. घरातलं माणूस गेलं तरी कापत नाही, पुरं करूनच उतरवतो.  मी कात्री हिसकावून घेतली.

"त्या राणीला अर्धं लुगडं दिलंतं व्हय महाराजांनी? मला अर्धं नको. पुरं कर आणि दे."

"सूत कुठं हाय?"

"येईल तवा कर. तवर माझ्या बायका गडावरनं उतरणार न्हाईत. किल्ला मोडायचा न्हाय, आप्पांचा माग मोडायचा न्हाय."

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी किल्ला अंगणात उभा. मोहरी वाळली. येणारा-जाणारा विचारायचा, आणि अण्णा म्हणे वैतागून सांगायचा, "मला इचारू नका. निपाणीचं ठाणं बसलंय."

होळीच्या पुढं कुठून तरी थोडं सूत मिळालं. वहिनीचा निरोप आला, लुगडं झालंय, ते घेऊन जा आणि तुमची फौजही घेऊन जा, अंगण मोकळं करायचंय.

गेले. लुगडं तिथंच नेसले. रंग जमला नव्हता. शेवटच्या दोन हातांचं सूत निराळं, जरा फिकट. सांधा लांबूनही दिसायचा. मग साठच्या साठ जणांना किल्ल्यावरून उतरवलं, पुसलं, आणि आत नेऊन आप्पांच्या मागाच्या लाकडावर ओळीनं मांडलं. एकालाही कसर लागली नव्हती.

अण्णा म्हणाला, "घेऊन जातीस न्हवं? मला माग मोडायचाय."

"लुगडं नेतीया," मी म्हटलं. "बायका हितंच राहत्यात."