सात किलोंची निळी बॅग

बुधवारी दुपारी सेलिनाच्या हॉस्पिटलमधून फोन आला. बोलणारी तिच्याच एक्स-रे विभागातली सहकारी होती. काम करता करता सेलिना खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलमध्येच असूनही काही करता आलं नाही, असं ती म्हणाली. त्या वेळी माझ्यासमोर कॉम्प्युटरवर लिस्बनमधल्या एका खोलीचं बुकिंग उघडं होतं. सकाळीच सेलिनाचा मेसेज आला होता, 'खिडकीतून समुद्र दिसतो का, नीट विचारून घे. नदी दाखवून समुद्र म्हणतील.' घरमालकिणीचं उत्तर यायचं होतं. ते संध्याकाळी आलं... नदीच दिसत होती.

सेलिना वसईची. नवरा बस्त्याव तिथे केळीची वाडी सांभाळतो. स्वतःचं मूल नव्हतं, पण दिरांची आणि नणंदांची मुलं घरभर होती आणि त्या सगळ्यांची ती दोह्याची काकी किंवा मामी होती. दोह्यात अल मुंतझा भागात ती आणि आम्ही नवराबायको एकाच इमारतीत राहायचो. पहिली भेट लिफ्टपाशी झाली. तिच्या हातात सामान तोलायचा हुकाचा काटा होता आणि पायाशी भलीमोठी बॅग. "बाय, जरा उचलून धरतेस? आकडा मला दिसत नाही." बॅग विमानातल्या तीस किलोंच्या मुभेपेक्षा दोन किलो जास्त भरली. "खलास! आता एअरपोर्टवर सगळ्यांसमोर उघडून बसायचं आणि मिल्क पावडर काढायची." मी मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या कापण्यात काढलेल्या वर्षांच्या सवयीने म्हटलं, की डबे काढून पावडर पिशव्यांत भरली तर वजन कमी होईल. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आणि डबा नको का दिसायला? डबा बघूनच तर मुलं उड्या मारतात."

इथे रविवार हा कामाचा दिवस, त्यामुळे तिचा मिस्सा शुक्रवारी. चर्चमधून परतताना ती कागदी पेल्यांतून इथला दाट दुधाचा करक चहा आणायची आणि आमच्या स्वयंपाकघरात बसायची. अशाच एका शुक्रवारी लिस्बन निघालं. गुरुवारी रात्री निघायचं, रजा टाकून रविवारी परत यायचं, समुद्रकाठी उन्हात बसायचं आणि कुणाला काही विचारायचं नाही. लिस्बनच का, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पोर्तुगीज आमच्या वसईला वीकेंडला म्हणून आले आणि दोनशे वर्षं राहिले. आपण तीन दिवसांत परत येऊ, तेवढी सभ्यता आहे आपल्याकडे." मी ट्रामच्या वेळा, म्युझियमचे सुट्टीचे दिवस, विमानतळावरून खोलीपर्यंतचा रस्ता सगळं तपासून ठेवायचे. ते ऐकून ती म्हणायची, "तू फिरायला चाललीस की बातमी द्यायला?"

बेत दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. पहिल्यांदा सासूबाई पडल्या, दुसऱ्यांदा पुतणीचं लग्न अचानक ठरलं. दोन्ही वेळा सुट्टी वसईला गेली, तीस किलोंसकट. दुसऱ्या वेळी मी जरा चिडून बोलले, तेव्हा तिने एकदाच, ताटातला बोंबील निवडता निवडता, मनातलं सांगितलं. "घरी पोचते ना, तेव्हा सगळे दारातच उभे असतात. पण आधी बघतात ते बॅगेकडे. वाईट नाही वाटत, सवय मीच लावली. फक्त एकदा कुठल्या तरी दारात रिकाम्या हातानं जाऊन उभं राहायचंय... बघू, कोण माझ्याकडे बघतं ते." मग लगेच म्हणाली, "खा. गार होतोय."

या हिवाळ्यात मात्र सुट्टी मंजूर झाली, व्हिसाही आला. तिकीट स्वस्तातलं होतं, विमानात सोबत नेता येईल एवढीच बॅग. सात किलो. "सात किलोत माणूस कसा जातो?" "माणूस जातो, सामान जात नाही," मी म्हटलं. ते तिला इतकं आवडलं, की तिने त्याच संध्याकाळी नवी छोटी निळी बॅग घेतली. पुढच्या शुक्रवारी मी वर गेले तर बॅग पलंगावर उघडी. आत खजुराचा डबा, अत्तराच्या दोन बाटल्या, चॉकलेटं आणि बाम.

"हे कुणाला?"

"घरमालकिणीला. म्हातारी आहे म्हणालीस ना? गुडघे दुखत असतील."

"तिथे बाम मिळत नाही?"

"मिळत असेल. पण कुणी आणून दिलेला नसेल ना."

तिने बॅगेकडे बघितलं, मग मोठ्याने हसली आणि एकेक वस्तू काढून कपाटात ठेवली. शेवटी बाम उरला. तो हातात धरून म्हणाली, "हा राहू दे?" मी नको म्हणून मान हलवली. तोही निघाला. रिकामी बॅग तिने काट्याला लावली आणि आकडा मला वाचायला लावला. "बघ, जमलं मला!" नंतरच्या बुधवारी तो फोन आला.

कागदपत्रं पुरी झाल्यावर तिला वसईला नेलं. सोबत जाणाऱ्या सहकाऱ्याला सामानाची मुभा होती. सेलिनाच्या कपाटात नाताळसाठी घेतलेल्या वस्तू मुलांची नावं चिकटवून ठेवलेल्या सापडल्या. कुणी काही ठरवलं नाही, सगळ्या आपोआप भरल्या गेल्या. खजूर आणि चॉकलेटंही गेली. म्हणजे या खेपेलाही ती रिकाम्या हातानं गेली नाही. निळी बॅग पाहून कुणीतरी म्हणालं, हिच्यातही थोडं बसेल. मी ती घरी घेऊन आले.

महिन्याने बस्त्यावचा फोन आला. तिच्या राहिलेल्या वस्तूंबद्दल विचारत होता. मी त्याला निळ्या बॅगेचं सांगितलं आणि ती रिकामी का आहे, तेही सांगितलं. पलीकडे वाडीतला पाण्याचा पंप चालू होता. त्याने तो बंद केला असावा, आवाज थांबला. "मी नाही हो बॅगेकडे बघायचो," तो म्हणाला. "पोरांच्या मागे उभा असायचो, म्हणून तिला दिसायचो नाही... बॅग राहू दे तुमच्याकडे. भरू नका."

बॅग आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. परवा नवऱ्याने तिच्यात जुने स्वेटर ठेवले. घरात जागा कमी आहे, त्याची चूक नाही. मी ते काढून खुर्चीवर ठेवले आणि बॅगेची चेन लावून टाकली.