फादर, सिस्टर आणि यान्बूचा फोन

सौदीत, शराफियातल्या आमच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी दुपारी एक स्पॅनिश कादंबरी वाचली जाते. पुस्तक इंग्रजीत आहे. आई ते मराठीत सांगते. पानं हळूहळू उलटतात, किस्से मात्र भराभर साठतात. मी चहा देते आणि गप्प बसते, त्यामुळे ते सगळे माझ्याकडे जमा झालेत!

*

गोष्टीतल्या तरुणाला धर्मगुरू व्हायचंय, पण गावच्या वैद्याच्या मुलीवर त्याचा जीव जडलाय. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "त्याला फादर व्हायचं होतं, म्हणून तो लग्नाला नाही म्हणाला."

शेजारच्या हमीदाखाला मूळच्या रत्नागिरीच्या, चार मुलांच्या आई. त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, लग्नाशिवाय फादर कसा होणार मेला?"

*

मग मठाचं वर्णन आलं. "सिस्टर पहाटे उठतात, मोठ्या सिस्टरचं मुकाट्याने ऐकतात, स्वतःसाठी काही मागत नाहीत."

सुनंदामावशी हॉस्पिटलात नर्स आहे. तिने विचारलं, "आणि नाइट ड्युटी?"

"अगं, या जोगिणी!"

"हो का? मला वाटलं, आमचाच वॉर्ड!"

*

बिशपच्या परवानगीशिवाय त्या तरुणाला मठ सोडता येईना.

"म्हणजे कफील!" खाला म्हणाल्या. "आपल्या इथल्या मालकांसारखा. पासपोर्ट त्याच्याच कपाटात असणार."

तेव्हापासून आईसुद्धा वाचते, "कफील घोड्यावरून उतरले."

*

मावशीच्या जागी आता सौदी मुली येताहेत. तीच त्यांना शिकवते. रमजानला तिचं काँट्रॅक्ट खलास. यान्बू शहरातल्या प्लांटमधल्या देसाईंनी तिला मागणी घातलीय, तिलाही ते आवडतात. पण उत्तर अडलंय.

"लग्न केलं तर त्यांच्या इकाम्यावर, नवऱ्याच्या राहण्याच्या परवान्यावर, घरी बसायचं. सांगलीला परत गेले तर नर्स तरी राहीन."

"गोष्टीतल्या त्या पोराचं काही ठरत नाही म्हणून शिव्या घालतेस, आणि तुझं काय वेगळं आहे?" खाला म्हणाल्या.

"त्याला इंजेक्शन देता येतं का?"

*

गेल्या शुक्रवारी वैद्याच्या मुलीने चर्चच्या दारातच त्याला अडवलं. "आज उत्तर दे!" आई वाचत होती आणि मावशीचा मोबाइल वाजला. यान्बू! ती किचनमध्ये गेली. आईने पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

ती बाहेर आली तेव्हा ओढणीने डोळे पुसत होती. "हो म्हटलं. आणि सांगितलं, काम मिळेपर्यंत घरी बसेन, पण नर्सिंग सोडणार नाही."

"मग?"

"ते म्हणाले, सोड असं कोण म्हणालं?"

खालांनी तिला मिठी मारली, तिच्या तोंडात खजूर कोंबला, स्वतःचे डोळे पुसले आणि आईकडे वळल्या.

"वाचा पुढे, वहिनी. हा मुलगा तर हिच्यापेक्षाही जास्त वेळ लावतोय!"