कोणत्या पाळण्यात कोणी बसायचं

दिवाळीनंतर जळगाव जामोदच्या बाहेर रस्त्यालगत मीना बाजार लागला, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई मुलांना घेऊन आमच्याकडे आलेल्या होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, बुलढाण्याला सरकारी कचेरीत आहेत, त्यामुळे त्यांचं बिऱ्हाड तिकडं. आम्ही इथं शेती पाहतो आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. दोघींची मिळून चार मुलं. माझी मुलगी चौदाची, मुलगा सात वर्षांचा. जाऊबाईंचा मुलगा बारा वर्षांचा आणि धाकटी चारची. मीना बाजाराचे भोंगे घरापर्यंत ऐकू यायचे आणि चौघांनी जीव नकोसा केला होता.

खरं सांगायचं तर जाऊबाईंबद्दल माझ्या मनात त्या वेळी काहीतरी कुरतडत होतं. मुलाला त्या डोळ्यांआड होऊ देत नव्हत्या. पोरं विहिरीवर मोटार पाहायला गेली, तर या अनवाणी मागं धावल्या. पोरं गच्चीवर झोपायचं म्हणाली, तर यांचा मुलगा खालीच. सायकल नको, झाडावर चढणं नको. जेवणाआधी पर्समधून काहीतरी काढून त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि मी स्वयंपाकघरात शिरले की त्याची मूठ मिटायची. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "ताकदीची गोळी हाय." न विचारता दिलेलं उत्तर मला कधीच पटत नाही.

मला वाटलं, यांना आमच्या घरचं काही चालत नाही. आमच्या पोरांची संगत चालत नाही, की आमची नजर लागेल असं वाटतं, कोण जाणे.

दिवस मावळायच्या आधीच आम्ही मीना बाजारात पोचलो. पाळण्यांवर माझाही भरवसा नसतो. लोक वर झगमगाटाकडे पाहतात, मी आधी बुडाकडे पाहते. आकाशपाळण्याच्या एका पायाखाली लाकडाचे ठोकळे सरकवलेले होते. एका डब्याच्या दाराला कडीऐवजी तार होती. मी मुलीला स्पष्ट सांगितलं, "यात नाई बसायचं."

"मंग कायच्यात बसू? त्या रेल्वेत, लहान्या पोरीसंग?" तिनं तोंड वाकडं केलं.

तिचंही चुकत नव्हतं. चौदाच्या पोरीला जे हवं ते चारच्या पोरीला झेपत नाही आणि चारच्या पोरीचं ते मोठीला लाजेचं वाटतं. आम्ही दोघी जणी प्रत्येक पाळण्यापुढं उभ्या राहून वाद घालत होतो. धाकटीला रुळावरच्या रेल्वेत बसवलं, सोबत माझा मुलगा. ते दोघं खूश झाले. उरले दोन मोठे. त्यांना नाव हवी होती, ती मोठी, लोखंडी, झोक्यासारखी इकडून तिकडं जाणारी. मी तिचे नटबोल्ट पाहिले, दांडा पाहिला. नाव नवी दिसत होती.

जाऊबाई मात्र नटबोल्टांकडे बघतच नव्हत्या. नावेच्या कमानीवर बल्बांच्या माळा होत्या, त्यांकडे त्या पाहत होत्या. फाटकावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, "हे लाइट लागल्यावर लपलप करतात का? का एकसारखे लागतात?"

"लपलपच करतात, बाई. त्याच्याशिवाय मजा काय?"

"मग नको," त्या म्हणाल्या. "तू रेल्वेत बस."

मुलाचा चेहरा उतरला. बारा वर्षांचा मुलगा, ओठांवर लव यायला लागलेली, आणि रेल्वेत!

"ताई, काऊन नको म्हणता?" मी विचारलं. "नाव चांगली हाय. मी पाह्यली ना."

"त्याले चक्कर येते."

"येष्टीत तं नाई आली. अख्खा घाट उतरून आला थो."

त्या मुलाला रेल्वेकडे ओढू लागल्या. मला राग आला. मी म्हटलं, "मी बसतो त्याच्याजवळ. मंग तं झालं?" आणि त्यांच्या उत्तराची वाट न पाहता मुलाचा हात धरून रांगेत उभी राहिले. माझी मुलगी पुढं होती. तिच्यापुढं एक मुसलमान कुटुंब होतं. म्हातारे आजोबा, बुरख्यातल्या तिघी बायका आणि दोन नातवंडं. जाऊबाई मागून आल्या आणि त्यांनी त्याचा दुसरा हात धरला. आम्ही दोघी दोन बाजूंनी त्याला धरून उभ्या. तो मान खाली घालून उभा होता.

तेवढ्यात अंधारून आलं आणि सगळ्या माळा एकदम लागल्या. लाल, हिरव्या, पांढऱ्या, भरभर लागणाऱ्या आणि विझणाऱ्या. मुलानं मान वर केली. मी त्याला काहीतरी म्हणाले, त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचे डोळे उघडे होते, पण तो बघत नव्हता. मग माझ्या हातातला त्याचा हात ताठ झाला आणि तो माझ्या अंगावरूनच खाली घसरला. अख्खं शरीर झटके देऊ लागलं.

"फिट आली! फिट आली!" रांगेतलं कोणीतरी ओरडलं. लोक धावून आले. एक जण पायातली चप्पल काढून हुंगवायला पुढं आला, दुसरा म्हणाला तोंडात चमचा घाला.

"हात नका लावू कोणी!" जाऊबाईंचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या खाली बसल्या. पदर गोळा करून त्याच्या डोक्याखाली सारला, त्याला कुशीवर वळवलं, शर्टाची वरची गुंडी सोडली. हे त्या पहिल्यांदा करत नव्हत्या, हे मला त्यांच्या हातांकडे बघूनच कळलं.

व्हिडिओ काढायला मोबाइल वर झालेले मला दिसले. ते म्हातारे आजोबाही बघत होते. ते घरच्या बायकांना काहीतरी म्हणाले, आणि त्या तिघी आमच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. तोंडं लोकांकडे, पाठ आमच्याकडे. त्यांच्या काळ्या बुरख्यांची आडभिंत झाली. आजोबा बाहेरच्या बाजूनं गर्दी हटवत होते, "चलो, हवा आने दो. तमाशा नहीं है."

हळूहळू झटके थांबले. तो जड श्वास घेत पडून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "माहा नंबर गेला का?"

जाऊबाई तोपर्यंत रडल्या नव्हत्या, तेव्हा रडल्या.

"सगळे पाहून राह्यले होते काय मले?" त्यानं पुन्हा विचारलं.

माझी मुलगी त्याच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, "नाई रे. त्या बायायची पाठ होती आपल्याकडं."

आम्ही त्याला उसाच्या रसाच्या दुकानामागं नेऊन बाकावर बसवलं. मुलीला रेल्वेकडे लहानग्यांना आणायला धाडलं. जाऊबाईंनी तेव्हा सांगितलं. त्याला फिट यायला लागून दोन वर्षं झाली होती. औरंगाबादचा डॉक्टर, रोजची गोळी, खोल पाणी नको, उंची नको, जागरण नको, असे लाइट नको.

"मंग सांगतलं काऊन नाई? मी त्याचा हात धरून उभी होती ना!"

"कोणाले सांगू? उद्या लोक म्हणतीन, पोराले मिरगी हाय. माह्या पोरीच्या लग्नापर्यंत म्हणतीन." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "तू आईले सांगशीन."

"नाई सांगत."

"सांगशीन."

सासूबाईंजवळ बोलणार नाही, अशी मी शपथ घेतली. त्यांना ती खरी वाटली नाही, हे दिसत होतं.

घरी सासूबाईंनी मुलाच्या शर्टाला लागलेली माती पाहिली. मी म्हटलं, रसाच्या दुकानापाशी चिखल होता, पाय घसरला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, जाऊबाईंकडे पाहिलं, आणि ताटं वाढा म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर मी सासूबाईंजवळ निवडायला बसले, की जाऊबाई कुठूनतरी येऊन दारात उभ्या राहायच्या. बुलढाण्याला परत गेल्यावरही फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं, की शेवटी विचारायच्या, "आई काही म्हणत होत्या का?"

मी एक शब्द काढला नव्हता. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर चोरी केल्यासारखं वाटायचं.

हिवाळ्याच्या शेवटी सासूबाई आणि मी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्या अचानक म्हणाल्या, "पोराले झोप पुरी भेटली पाह्यजे. तिले सांगजो."

माझा हात थांबला. "कोन्या पोराले?"

"आता मले नोको शिकवू. लेकानं सांगतलं मले, पयलेच. बायकोले सांगू नोको म्हणला, म्हणून मी बोलली नाई." त्यांनी शेंगा टोपलीत टाकल्या. "मी सांगतलं तं तिले वाटीन, तूच बोलली माह्यापाशी."

म्हणजे भासऱ्यांनी आईला सांगून ठेवलं होतं आणि बायकोला तसं कळू दिलं नव्हतं. मी हा निरोप जाऊबाईंना दिला असता, तर त्यांना वाटलं असतं की ती गोष्ट माझ्याच तोंडून सासूबाईंकडे गेली. मी निरोप दिलाच नाही.

पुढच्या दिवाळीला मीना बाजार पुन्हा आला. पोरं नाचू लागली आणि जाऊबाईंचा चेहरा आक्रसला. सासूबाई चुलीपुढून उठल्या. कधी नव्हे ते म्हणाल्या, "मीही येतो. पण दुपारीच जाऊ. रात्री मले दिसत नाई."

भर उन्हात आम्ही गेलो. एकही बल्ब लागलेला नव्हता. सासूबाई थेट घोड्यांच्या पाळण्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. तो जमिनीलगत, सावकाश फिरणारा. मधे बसायला बाकाचा रथ होता. त्यांनी मोठ्या नातवाचं मनगट धरलं.

"मले भेव लागते. तू बस माह्याजवळ."

"आजी, हा लहान्या पोरायचा हाय," तो म्हणाला.

"मंग मी का मोठी हाव? बस."

तो हसला आणि बसला. आजी-नातवाला पाहून बाकीचे तिघं घोड्यांवर चढले, माझी पंधरा वर्षांची मुलगीसुद्धा. पाळणा फिरू लागला. सासूबाईंनी एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं नातवाला गच्च धरलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीच घाबरली आहे.

मी हसून जाऊबाईंकडे वळले. त्या पाळण्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"तूच सांगतलं ना?" त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. त्यांनी पटलं नसल्यासारखी मान हलवली, पण पदराखालून त्यांचा हात आला आणि माझ्या हाताला लागून तिथंच राहिला.