बैठकीच्या भिंतीवरचे दोन पट्टे

सर्बियातल्या नोवी सादमधल्या आमच्या घरात बोलणं हातांनीच चालतं. आई, ल्युबिंका, जन्मापासून बहिरी. आयुष्यभर कोटांच्या कारखान्यात तिने काजं केली. जेवताना आम्हाला रागवायचं असलं की आधी हातातला घास ताटात ठेवायची. भरल्या हाताने रागावता येत नाही.

गेल्या वर्षभरात मात्र ती गप्पांतून उठून जायला लागली. मध्येच भलतं उत्तर द्यायची.

"आईचं डोकं आता चालत नाही," रादोवानदादा मला म्हणाला. "यंदाची स्लावा माझ्याकडे करू."

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा सण. बाबा गेल्यावरही आईने तो याच बैठकीच्या खोलीत केला होता. तिला दादाने अजून काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे सणाआधीचं रंगकाम ठरल्याप्रमाणे निघालं. आमच्या रंगाऱ्याने, सावाने, नमुन्याचे दोन पट्टे मारले: एक दुधी, एक गर्द हिरवा.

"दुधीच," दादा म्हणाला. "हिरव्याने खोलीचा गुत्ता होईल."

"गुत्त्यात माणसं हसतात तरी," सावा पुटपुटला.

आईने जमिनीवर पाय आपटला. आम्ही वळलो. दादाच्या दंडाला धरून तिने त्याला दुधी पट्ट्यापुढे उभं केलं. "बोल काहीतरी."

शेजारच्या मिलुंकाचा हंस पाद्रीबाबांच्या गाडीत शिरला, ती हकिगत दादा हातांनी सांगू लागला. आईने डोळे बारीक केले. "कोणाचं लग्न?"

मग तिने त्याला हिरव्यापुढे ढकललं. "पुन्हा."

हंस गाडीच्या दारापर्यंतच पोचला होता, तोच आई खदखदून हसली. "पाद्र्याच्या गाडीत? घाण केली असेल मेल्याने!"

मी विचारलं, "आई, नीट दिसत नाही हे सांगितलं का नाहीस?"

"बहिरी आहेच. वर आंधळीही म्हणवून घेऊ? पांढऱ्या भिंतीपुढे तुमचे गोरे हात म्हणजे पिठात पीठ शोधायचं."

दादा हिरव्यापुढून हलला नाही. त्याचे हात वर आले, थांबले, पुन्हा वर आले. "स्लावा मी माझ्या घरी नेणार होतो. मला वाटलं, तुझं..." त्याचं बोट कपाळाच्या दिशेने गेलं आणि मध्येच राहिलं.

आईने पुन्हा सांगायला लावलं नाही.

"स्लावा इथेच," ती म्हणाली. "सणाचा पाव तू आण. आणि बायकोला या हिरव्या भिंतीपुढे बसव. ती काय बोलते, ते वर्षभर मला कळलेलं नाही."