भट्टीपर्यंत गेलेली सायकल

सायकल चार्जिंग ट्रॉलीत उलटी पडली होती. खाली जुने ब्रेक ड्रम, वर पत्र्याचे गठ्ठे आणि मध्ये ती. पाच पावलांवर भट्टीत लोखंड रसरसत होतं.

"मॅडम, ही सायकल हाय का भंगार हाय, तेवढं तुमी सांगा," खोत म्हणाले. "मी चार्जिंग थांबवलंया."

खोत आमचे मेल्टर, म्हणजे भट्टीवरचे मुख्य माणूस. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर आहे. आम्ही भंगार वितळवून, साच्यात ओतून त्याचं कास्टिंग करतो. यार्डातलं भंगार क्रेनच्या मॅग्नेटनं उचलायचं, ट्रॉलीत टाकायचं आणि ट्रॉली भट्टीवर रिकामी करायची, यालाच चार्जिंग म्हणतात. यात एक नियम मी रोज सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगते: बंद पाइप भट्टीत जाता कामा नये. पाइपच्या आत पाण्याचा एक थेंब राहिला असला, तरी त्याची क्षणात वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की वितळलेलं लोखंड उसळून माणसांच्या अंगावर येतं. आणि सायकल म्हणजे सगळे बंद पाइपच.



"तुमच्या लक्षात कसं आलं?"

"पुढचं चाक न्हाय, सीट न्हाय. कुणीबी भंगारच म्हणणार की! पर हँडल बघा."

मी वाकून पाहिलं. हँडलवर हळदकुंकू होतं, झेंडूचं एक फूलही दोऱ्याला लटकत होतं. कालच दसरा झाला होता.

"भंगाराची पूजा कोण करतंय व्हय?" खोत म्हणाले.

सायकल शालनताईंची होती. शालनताई आमच्या कोअर शॉपमध्ये काम करतात. कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूचा एक ठोकळा घडवून साच्यात ठेवतात, तो कोअर. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्या सायकल शिकल्या आणि हालोंडीहून रोज सायकलवर यायला लागल्या. त्यांचं बघून कोअर शॉपमधल्या आणखी चौघीजणी शिकल्या. मग मोल्डिंगवाले, पॅकिंगवाले. पूर्वी आमच्याकडे सायकल म्हणजे ज्याला मोटरसायकल झेपत नाही त्याची. यंदा सायकलवाल्यांत मोटरसायकल घरी ठेवून येणारेच निम्मे होते. कुणाला डॉक्टरनं सांगितलं होतं, कुणाला पेट्रोलनं. लॅबमधला एक इंजिनिअर तर कोल्हापुरातून गियरची सायकल मारत यायचा. त्याची सायकल मात्र लॅबच्या आत, एसीत उभी असायची.

सायकली वाढल्या तसा स्टँडचा प्रश्न आला. मोटरसायकलींचा स्टँड तरीही भरलेलाच. मी लेआउटचा कागद पुढे घेतला, स्क्रॅप यार्डच्या भिंतीला लागून एक पट्टा रिकामा दिसला, तिथं पेन्सिलीनं चौकोन काढला आणि 'सायकल स्टँड' असं लिहून टाकलं. दहा मिनिटांचं काम. पाच महिने काही झालं नाही, म्हणून मला वाटलं की जागा बरोबर आहे. सेफ्टीवाल्यानं असं समजणं म्हणजे कहर आहे. आज क्रेनवाल्यानं तिथली बिनचाकाची सायकल भंगार समजून मॅग्नेटनं उचलली होती.

वर्क्स मॅनेजर देसाई साहेब दहा मिनिटांत खाली आले. ट्रॉली पाहिली, सायकल कुणाची ते विचारलं आणि मला बाजूला घेतलं.

"मगदूम मॅडम, रिपोर्ट आजच करा. कारण लिहा, कामगाराचा हलगर्जीपणा. सायकलचे पार्ट काढून ठेवले, म्हणून गैरसमज झाला. तिला मेमो द्या. आणि उद्यापासून एकही सायकल आत नको. गेटबाहेर लावू देत."

"गेटबाहेरून मागच्या महिन्यात दोन चोरीला गेल्या, साहेब."

"ते आपल्या कंपाउंडात घडलं का? नाही ना? मग विषय संपला."

मी कोअर शॉपमध्ये गेले. शालनताईंना काय झालं ते सांगितलं. त्यांनी हातातला कोअर हळूच खाली ठेवला.

"चेन कव्हर चेपलं न्हाय न्हवं?"

"नाही. पण ताई, चाक आणि सीट कुठाय?"

त्यांनी बेंचखाली बोट दाखवलं. चाक, सीट आणि एक पाना, सगळं गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं. "रोज काढतीया. न्हाय काढलं तर चहाला जायला कुणीबी उचलतंय की! परत आणत न्हाईत असं न्हाय. पर एकदा सुट्टी झाली, तर माझी सायकल भाईर टपरीवर आणि मी हितं हुडकत बसलीया."

ही आमच्याकडची पद्धत मला चांगली माहीत होती. कंपनीत उभी असलेली सायकल सगळ्यांची. विचारायचं म्हणजे अपमान. पण ही बाई त्यापायी रोज पाना चालवते, हे मला पाच महिन्यांत कळलं नव्हतं. मी दर सोमवारी स्टँडवरून चक्कर मारत होते. बिनचाकाची सायकल मीही पाहिली असणार, आणि मोडकी समजून पुढे गेले असणार.

"साहेब म्हणतात, उद्यापासून सायकली बंद," मी सांगितलं.

त्यांनी हाताची वाळू झटकली. "मग वडापच की. वडापवाला माणसं भरल्याबिगर गाडी हलवत न्हाय. गेल्या साली लेट मार्कावरनं घरी बसवायची पाळी आल्ती, ठावं हाय न्हवं? सायकल न्हाय तर मी न्हाय, मॅडम. आणि त्या चौघीबी ऱ्हात न्हाईत बघा."

एवढं बोलून त्यांनी परत कोअर हातात घेतला. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

केबिनमध्ये येऊन मी फॉर्म पुढे ओढला. अपघात होता होता टळला की त्याला निअर मिस म्हणतात, त्याचा हा फॉर्म. 'मूळ कारण' या शब्दांपुढे एकच ओळ सोडलेली असते. 'कामगाराचा हलगर्जीपणा' त्या ओळीत अगदी मापात बसतं. खोटं सांगत नाही, मी 'का' लिहिलासुद्धा. मग लाज वाटली. तो कागद फाडला आणि नव्या फॉर्मवर लिहिलं: 'स्टँडची जागा सेफ्टी ऑफिसरने चुकीची निवडली.'

देसाई साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"असं कुणी स्वतःविरुद्ध लिहितं का, मॅडम?"

"ऑडिटर लेआउट मागणार, साहेब. त्यावर सही माझी आहे."

"मग?"

"माझ्या सहीखाली तुमची आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बरं, मग ठेवायच्या कुठं सायकली? जागा आहे का दुसरी?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला चार गाड्यांची शेड. सावली, सिमेंटची फरशी, समोर सिक्युरिटीची केबिन.

"तिथं आमच्या गाड्या असतात."

"चार गाड्यांच्या जागेत चाळीस सायकली बसतात, साहेब."

"आणि माझी गाडी?"

"मागं. स्क्रॅप यार्डच्या भिंतीला."

"वेड लागलंय का? तिथं डोक्यावरनं क्रेन फिरते!"

"मी तेच म्हणतेय, साहेब."

साहेब हसले नाहीत. मला वाटलं, आता मेमो मलाच. मग त्यांनी फॉर्म ओढला आणि माझ्या वाक्यातल्या 'सेफ्टी ऑफिसरने' या शब्दांपुढे 'व वर्क्स मॅनेजरने' असं लिहिलं. "एक महिना ट्रायल. तीन गाड्यांची जागा तुमची, एक माझी. अर्धवट सायकल दिसली की बंद."

अर्धवट सायकल दिसायला नको असेल, तर चहाचा बंदोबस्त करायला हवा होता. तो खोतांनी केला. त्यांनी यार्डातून खरोखरच्या भंगारातल्या तीन सायकली निवडल्या आणि मेंटेनन्सवाल्यांना लावून त्यांच्या दोन चालत्या करून घेतल्या. त्यांना तांबडा रंग दिला. चहा, स्टोअर, गेट, कुठंही जायचं तर या न्यायच्या. दुसऱ्याच्या सायकलला हात लावला की आठवडाभर सगळ्या खात्याला चहा त्यानं पाजायचा, हा नियमही खोतांचाच. माझ्या कुठल्याही नियमापेक्षा तो जास्त पाळला गेला.

शालनताईंनी आधी चाक काढणं सोडलं. सीट मात्र पंधरा दिवस बेंचखाली येतच होती. मग एका सकाळी मी शेडमध्ये पाहिलं, सायकल सीटसकट उभी. मला इतका आनंद झाला की मी उगाचच तिची बेल वाजवली. सिक्युरिटीवाला धावत आला.

महिन्याची ट्रायल संपली, त्याचं कुणी नावही काढलं नाही. आता शेजारच्या दोन कंपन्यांचे सेफ्टीवाले शेड बघून गेलेत. लॅबच्या इंजिनिअरची गियरची सायकलही एसीतून बाहेर येऊन ओळीत लागते. परवा सायकलींची रांग वाढत वाढत देसाई साहेबांच्या जागेत गेली. साहेब गाडीची काच खाली करून हॉर्न देत होते. शालनताई कुलूप लावत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"सायेब, जागा पायजे तर जरा लौकर येत जावा की!"

साहेबांनी गाडी निमूटपणे बाहेर लावली.

नवीन लोकांच्या ट्रेनिंगमध्ये मी हा किस्सा पहिल्याच तासाला सांगते. भंगाराशेजारी जागा दिलेली वस्तू कुणाला तरी भंगार वाटणारच. जागा देणारा शहाणा समजला जातो आणि मेमो मात्र वस्तूच्या मालकाला मिळतो. म्हणून निअर मिसचा फॉर्म भरताना आधी लेआउटवरची सही बघायची, मग पेन उघडायचं.